उरलेलं पार्सल कधीपर्यंत खावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहेरून मागवलेलं जेवण बहुतेक वेळा थोडं जास्तच येतं. उरलेलं झाकून ठेवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडून घरातलं कुणीतरी विचारतं, "हे चालेल का गं?" मला वाचकांकडून सतत येणारे प्रश्न याच जातीचे असतात. त्यातले नेहमीचे आणि काही अडचणीत टाकणारे इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. उरलेलं पार्सल फ्रीजमध्ये किती दिवस चालतं?

अन्न वेळेत फ्रीजमध्ये गेलं असेल आणि फ्रीजचं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल, तर ३ ते ४ दिवस. हा आकडा अमेरिकेच्या कृषी खात्याचा आहे. ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी याहून कडक आहे. तिचा सल्ला असा की उरलेलं अन्न २ दिवसांत संपवा आणि भात असेल तर २४ तासांत.

मी पार्सलसाठी २ दिवसच धरते. घरच्या भाजीचा सगळा इतिहास आपल्याला ठाऊक असतो: कधी शिजली, कधी निवली, कधी झाकली. पार्सलमधला रस्सा मात्र सकाळी करून ठेवलेला होता की आपली ऑर्डर गेल्यावर शिजला, हे आपण पाहिलेलं नसतं. म्हणून ४ दिवस ही शेवटची हद्द समजा, नेहमीचा हिशेब नव्हे. आणि डब्यावर तारीख लिहून चिकटवा. "परवाचं असेल बहुतेक" या वाक्यातला परवा पुष्कळदा चार दिवसांपूर्वीचा निघतो.

२. फ्रीजबाहेर किती वेळ चालतं?

२ तास. हवा ३२ अंशांच्या वर तापलेली असेल, तर १ तास. उन्हात उभ्या गाडीत पिशवी राहिली असेल तरी १ तासच.

५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा आहे. त्याहून गार अन्नात बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, त्याहून कढत अन्नात ती थांबते. मधल्या कोमट अवस्थेत काही जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. एका जंतूचे २ तासांत ६४ होतात, ४ तासांत ४,०९६ आणि ६ तासांत अडीच लाखांहून जास्त. पहिल्या दोन तासांत काहीच घडत नाही असं वाटतं आणि शेवटच्या दोन तासांत सगळं हाताबाहेर जातं, त्याचं कारण हे दुपटीचं गणित आहे. "अजून अर्धा तासच तर झालाय जास्तीचा" असं म्हणताना तो अर्धा तास सुरुवातीचा आहे की शेवटचा, हे बघायला हवं.

३. हे २ तास कधीपासून मोजायचे? पार्सल घरी आल्यापासून ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. घड्याळ सुरू होतं ते अन्न आचेवरून उतरून ६० अंशांच्या खाली आल्यापासून. स्वयंपाकघरात पॅकिंग होईपर्यंतचा वेळ, तिथे कुणीतरी न्यायला येईपर्यंतचा वेळ, रस्त्यातला वेळ, हे सगळं त्यात आलं. पार्सल दारात येतं तेव्हा पाऊण तास सहज गेलेला असतो. मग टेबलावर मांडणं, जेवणं, गप्पा. उठेपर्यंत दोन तास भरत आलेले असतात.

म्हणून माझ्या घरी रीत अशी आहे की डबे उघडल्याबरोबर जेवढं लागेल तेवढं ताटांत वाढायचं आणि राहिलेलं जेवायला बसण्याआधीच फ्रीजमध्ये टाकायचं. लागलं तर परत काढता येतं. जेवण झाल्यावर आवरू म्हटलं की आवरायला उशीर होतोच.

आणखी एक गोष्ट: हा वेळ साठत जातो. दुपारी तासभर बाहेर राहिलं, मग फ्रीजमध्ये गेलं, रात्री पुन्हा तासभर टेबलावर, तर दोन तास संपले. फ्रीजमध्ये ठेवल्याने घड्याळ थांबतं, शून्यावर येत नाही. ऑस्ट्रेलियात खाद्यव्यवसायासाठी याच हिशेबावर एक नियम आहे: एकूण २ तासांच्या आत असेल तर फ्रीजमध्ये ठेवा किंवा वापरा, २ ते ४ तासांच्या मध्ये असेल तर लगेच खा पण पुन्हा ठेवू नका, ४ तासांच्या पुढे गेलं तर टाका.

४. गरम अन्न फ्रीजमध्ये ठेवलं तर फ्रीज बिघडतो आणि अन्नही. आधी निवू द्यायला नको का?

ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि चांगल्या हेतूनेच चालत आली आहे. पण पार्सलच्या दोन-तीन गरम डब्यांनी फ्रीजचं काही बिघडत नाही. बिघडतं ते "निवू दे, मग ठेवते" म्हणून ओट्यावर विसरलेलं अन्न. वाफ थोडी गेली की लगेच आत ठेवा.

मात्र ठेवायचं कसं, याला महत्त्व आहे. खोल डब्यातला दाट रस्सा बाहेरून गार झाला तरी पोटात तासन्‌तास कोमट राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूला नेमकी हीच जागा हवी असते. त्याची बीजं, म्हणजे स्पोअर, शिजवताना मरत नाहीत. अन्न ४५ अंशांच्या आसपास आलं आणि हवा पोचत नसली की ती जागी होतात, आणि मग हा जंतू १० मिनिटांच्या आसपास दुप्पट होऊ शकतो. मोठ्या पातेल्यातला मटणाचा किंवा चिकनचा रस्सा खाऊन एकाच वेळी अनेकांची पोटं बिघडतात, त्यामागे पुष्कळदा हाच असतो.

म्हणून दाट आणि पातळ, दोन्ही पदार्थ पसरट डब्यांत ५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचा थर करून ठेवा. डबे एकावर एक रचू नका, मधून गार हवा फिरू द्या. पूर्ण थंड होईपर्यंत झाकण किंचित तिरकं ठेवलं तरी चालतं. सूप फार असेल तर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, वीस मिनिटांत कामाचं तापमान येतं. अमेरिकेत व्यावसायिक स्वयंपाकघरांना घालून दिलेली मर्यादा अशी: ५७ अंशांवरून २१ अंशांवर २ तासांत, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या ४ तासांत. घरी कुणी थर्मामीटर घेऊन बसणार नाही, पण पहिला टप्पा झटपट ओलांडायचा, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

५. ज्या डब्यातून आलं त्याच डब्यात ठेवलं तर?

झाकण घट्ट बसत असेल आणि डबा खोल नसेल तर फ्रीजमध्ये चालेल. कागदी खोकी आणि पिशव्या नकोत, त्यांतून हवा आणि इतर अन्नाचे थेंब आत जातात. गरम करताना मात्र अन्न काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात काढा. थर्माकोलसारखे पांढरे डबे मायक्रोवेव्हमध्ये मऊ पडतात, आणि ॲल्युमिनियमच्या डब्यांनी ठिणग्या उडू शकतात.

६. वास चांगला येतोय, चवही बदललेली नाही. तरी टाकायचं?

वेळ उलटून गेली असेल तर हो.

अन्नात दोन वेगळ्या जातींचे जंतू असतात. एक जात अन्न नासवते: आंबूस वास, बुळबुळीत तार, फसफस ही तिची कामं. हे अन्न आपण तोंडात घालत नाही, म्हणजे एका अर्थाने ते जंतू आपल्याला सावधच करतात. दुसरी जात माणसाला आजारी पाडते आणि तिला वास नसतो, रंग नसतो, चव नसते. अन्न अजून विटलेलं नसताना या दुसऱ्या जातीने त्यात घर केलेलं असू शकतं. माझ्या घरी एकदा चिकनचा रस्सा तिघांनी हुंगून पाहिला होता. तिघांनीही छान आहे म्हटलं आणि मध्यरात्रीपर्यंत तिघेही आडवे झालो. तेव्हापासून मी या प्रश्नांची उत्तरं इतक्या तपशिलात देते.

वासाचा उपयोग एकाच बाजूने होतो. वास बिघडला असेल तर अन्न टाका, मग दिवस कितीही झालेले असोत. वास चांगला असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही. आणि "जिभेवर थोडंसं ठेवून बघते" हे तर नकोच. काही विषं इतकी तीव्र असतात की चाखण्यापुरताही घास पुरतो.

७. पण खळखळून उकळलं तर जंतू मरतातच ना?

जंतू मरतात. त्यांनी अन्नात सोडलेलं विष सगळं जात नाही.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसांच्याही नाकात आणि त्वचेवर असतो. वाढणाऱ्याच्या किंवा पॅक करणाऱ्याच्या हातावरून तो शिजलेल्या अन्नात उतरतो. कोमट अन्नात वाढताना तो जे विष तयार करतो, ते उकळण्याने नष्ट होत नाही. भातातल्या बॅसिलस सिरियसचं उलटी करवणारं विष १२१ अंशांचं तापमानही सोसतं, म्हणजे प्रेशर कुकरही त्यापुढे कमी पडतो. माशांतल्या हिस्टामिनची गोष्टही तीच (प्रश्न १३ पाहा).

गरम करणं आवश्यक आहे, पण ते वेळेत थंड ठेवलेल्या अन्नासाठी. बाहेर राहिलेल्या अन्नाचा दोष ते धुऊन काढत नाही. हे एक पटलं तर या पानावरचे अर्धे प्रश्न सुटतात.

८. भाताबद्दल एवढी भीती का घालतात? भातच तर आहे.

कारण भात साधा दिसतो म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. बॅसिलस सिरियस मातीत राहतो आणि त्याची बीजं कोरड्या तांदळाबरोबर स्वयंपाकघरात येतात. शिजवल्याने ती मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये रेस्टॉरंटमधला परतलेला भात खाऊन लोक आजारी पडण्याच्या अनेक घटना झाल्या. भात मोठ्या प्रमाणावर शिजवून बाहेर ठेवायचा आणि मागणी आली की झटकन परतून द्यायचा, अशी पद्धत होती. परतण्याने भात गरम झाला, विष तसंच राहिलं.

पार्सलमधल्या परतलेल्या भातात ही अडचण दुहेरी असते. तो आधी शिजून गार झालेल्या भाताचाच केलेला असतो, म्हणजे आपल्याकडे येण्याआधीच तो उरलेला भात असतो. म्हणून भातासाठी माझे नियम वेगळे आहेत: तासाभरात फ्रीजमध्ये, २४ तासांत फस्त, एकदाच गरम, आणि बाहेर राहिला तर दुसरा विचार नाही.

पास्ता आणि नूडल्सनाही हेच लागू. २००८ साली ब्रसेल्समध्ये २० वर्षांच्या एका विद्यार्थ्याने स्वयंपाकघरात ५ दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्ली आणि त्याच रात्री झोपेत त्याचा मृत्यू झाला. त्या स्पॅगेटीत बॅसिलस सिरियस भरपूर सापडला, आणि हे प्रकरण पुढे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. असा शेवट फार क्वचित होतो. बहुतेकांना काही तास उलट्या होतात आणि माणूस सावरतो. पण "पिठूळ पदार्थाने काय होतंय" असं कुणी म्हणालं की मला तो मुलगा आठवतो.

९. पिझ्झा रात्रभर खोक्यातच राहिला. सकाळी खाल्ला तर?

नको. मला माहीत आहे की हे असंख्य लोक करतात आणि बहुतेकांना काही होत नाही. पावाचा भाग कोरडा, टोमॅटो आंबट, त्यामुळे जंतूंना तिथे पाय रोवायला वेळ लागतो, हे खरं आहे. पण वर ओलसर चीज असतं, कधी चिकन, कधी मशरूम, आणि आठ तास म्हणजे २ तासांच्या चौपट. काल काही झालं नाही म्हणजे त्या दिवशी जंतू कमी होते, एवढंच. फ्रीजमध्ये ठेवलेला पिझ्झा मात्र ३ ते ४ दिवस चालतो आणि तो गारच खायलाही हरकत नाही.

१०. गरम किती करायचं? कोमट झालं की बास ना?

कोमट हे सगळ्यात वाईट तापमान. अन्न मध्यापर्यंत ७४ अंश झालं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर रस्सा, सूप, सॉस यांना खळखळून उकळी आणा. कोरडं अन्न सगळीकडून वाफाळलं पाहिजे आणि मधला घास बोटाला चटका देणारा हवा.

मायक्रोवेव्ह कडा तापवतो आणि मध्ये थंड गोळा ठेवतो. अन्न पसरून ठेवा, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, अर्ध्यावर ढवळा आणि शेवटी दोन मिनिटं तसंच राहू द्या म्हणजे उष्णता आतपर्यंत पोचते. स्लो कुकरमध्ये गार अन्न गरम करायला ठेवू नका, ते जंतूंच्या पट्ट्यातून फार सावकाश वर चढतं.

११. एकच पदार्थ किती वेळा गरम करता येतो?

एकदा, असं धरून चाला. शास्त्र इतकं कडक नाही. दर वेळी ७४ अंश गाठले आणि झटपट थंड केलं तर दुसऱ्यांदाही चालू शकतं. पण दर फेरीत अन्न दोनदा कोमट पट्ट्यातून जातं, वर चढताना आणि खाली उतरताना, आणि घरी तो वेळ कुणी मोजत नाही. लागेल तेवढंच डब्यातून काढा आणि तेवढंच तापवा, म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

१२. डब्यातूनच खाल्लेलं उष्टं अन्न ठेवलं तर?

तोंडातला चमचा पुन्हा डब्यात गेला की लाळेबरोबर तोंडातले जंतू आणि पाचक रसही जातात. अन्न पातळ सुटतं, लवकर विटतं. स्वतःचं उष्टं त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवणार असाल तर ठीक. लहान बाळाच्या वाटीत उरलेलं मात्र ठेवू नका.

१३. मासे, कोळंबी, सुशी यांचं काय?

शिजलेले मासे आणि कोळंबी फ्रीजमध्ये ३ दिवसांपर्यंत चालतात, मी दुसऱ्या दिवशीच संपवते. कच्च्या माशांची सुशी त्याच दिवशी खा, फार तर २४ तास. तिच्यात कच्चा मासा आणि भात, दोन्ही जोखमी एकत्र येतात.

ट्यूना आणि बांगड्याच्या जातीच्या माशांत एक वेगळाच त्रास असतो. मासा पुरेसा थंड राहिला नाही तर जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. लोकांना वाटतं की माशांची ॲलर्जी झाली. काही वेळा तिखट, मिरीसारखी चव लागते. तशी लागली तर घास थुंकून टाका.

१४. सॅलड, सँडविच असे मुळात थंडच असलेले पदार्थ?

घड्याळ तेच: बाहेर २ तास, उकाड्यात १ तास. मेयोनीजला उगाच दोष दिला जातो. बाटलीतलं मेयोनीज आंबट असतं आणि त्यात जंतू सहसा वाढत नाहीत, पण त्यात कालवलेलं चिकन, अंडं किंवा बटाटा वाढू देतो. असं सॅलड फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस. पालेभाजीचं सॅलड ड्रेसिंग घातल्यावर दुसऱ्या दिवशी लिबलिबीत होतं, तेव्हा ते टिकवण्यात अर्थ नाही. बंद पुडीतलं केचप वगैरे बाहेर ठेवलं तरी चालतं.

१५. मी पूर्ण शाकाहारी आहे. मग हे सगळं मला लागू आहे का?

आहे. भात आणि पास्त्याचं प्रश्न ८मध्ये वाचलंच असेल. शिजलेल्या डाळी, बटाटे, शिजवलेल्या भाज्या, चीज, कापलेलं कलिंगड, या सगळ्यांत पाणी आणि अन्नद्रव्यं भरपूर असतात, आणि जंतूंना तेवढंच पुरतं. एक खास धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे: फॉइलमध्ये गुंडाळून भाजलेला बटाटा. फॉइलच्या आत हवा नसते आणि तो गुंडाळलेला तसाच बाहेर राहिला तर त्यात बोट्युलिझमचं, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं, विष तयार होऊ शकतं. भाजून झाल्यावर फॉइल सोडा, मग बटाटा फ्रीजमध्ये ठेवा.

१६. कालचं उरलेलं आज ऑफिसच्या डब्यात न्यायचं आहे.

सकाळी आठला फ्रीजमधून निघालेला डबा दुपारी एकपर्यंत ५ तास बाहेर असतो. ऑफिसात फ्रीज असेल तर पोचल्याबरोबर त्यात ठेवा आणि प्रवासात डब्याशेजारी बर्फाची पिशवी असू द्या. नसेल तर थर्मासचा डबा वापरा: आधी त्यात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून टाका, मग खळखळून उकळलेलं अन्न भरा. जेवताना ते कढत असलं पाहिजे. सकाळी कोमट करून साध्या डब्यात भरणं हा यातला सगळ्यात धोक्याचा मार्ग आहे, आणि तोच सर्वांत रुळलेला.

१७. फ्रीझरमध्ये टाकलं तर कायमचं टिकतं का?

उणे १८ अंशांवर जंतू वाढत नाहीत, म्हणून सुरक्षिततेच्या बाजूने मर्यादा नाही. चव आणि पोत ३ ते ४ महिने चांगले राहतात. पण गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही, ते निजतात. चौथ्या दिवशी "आता टाकावंच लागेल" म्हणून गोठवलेलं अन्न वितळल्यावर चौथ्या दिवसाचंच असतं. गोठवायचं तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी.

वितळवायचं फ्रीजमध्ये, रात्रभर. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात ठेवा आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदला, किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवा. या दोन्ही घाईच्या पद्धतींत नंतर लगेच गरम करावं लागतं. फ्रीजमध्येच वितळलेलं आणि बाहेर न राहिलेलं अन्न पुन्हा गोठवता येतं, चव मात्र उतरते.

१८. रात्री वीज गेली होती. आता फ्रीजमधलं काय ठेवायचं?

दार उघडलं नसेल तर फ्रीज ४ तास थंडी धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली असेल तर उरलेलं शिजवलेलं अन्न टाका. ठासून भरलेला फ्रीझर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास. आतल्या अन्नात बर्फाचे कण दिसत असतील तर ते पुन्हा गोठवता येतं. एरवीही एक छोटा थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवा. दारातले कप्पे सर्वांत उबदार असतात, उरलेलं अन्न तिथे नको.

१९. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर नियम बदलतात का?

बदलतात, आणि इथे मी कुठलीही सवलत देत नाही. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो, सावकाश, पण वाढतो. निरोगी तरुण माणसाला त्याने फारसं काही होत नाही. गरोदरपणात मात्र आईला नुसता तापासारखा त्रास होतो आणि गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ दगावू शकतं. लक्षणं दिसायला काही वेळा आठवडे लागतात, त्यामुळे कशाने झालं हे कळतही नाही. ६५च्या पुढची माणसं, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, अवयवरोपण झालेले, मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेले, यांनाही धोका मोठा.

या सगळ्यांसाठी: उरलेलं अन्न दुसऱ्याच दिवशी, वाफाळेपर्यंत गरम करूनच, थंड कधीच नाही. बाहेरून आणलेलं तयार सॅलड, कच्चे मासे, थंड मांसाचे काप टाळावेत. घरातल्या आजीला "टाकवत नाही" म्हणून कालचं, परवाचं आपल्याच ताटात वाढून घ्यायची सवय असते. सगळ्यांत जास्त जोखीम असलेलं माणूस सगळ्यांत शिळं अन्न खातं. हे कृपा करून बघत बसू नका. तिच्याआधी तो डबा तुम्ही उचला.

२०. बुरशी फक्त कोपऱ्यात आहे. तेवढं काढलं तर?

शिजवलेल्या, ओल्या किंवा मऊ अन्नावर बुरशी दिसली की सगळंच टाका. वर दिसतो तो तिचा शेंडा, तंतू आत खोल गेलेले असतात. हुंगूही नका, कण नाकात जातात.

२१. खाऊन झालं आणि मग लक्षात आलं. आता काय करू?

घाबरून मुद्दाम उलटी काढू नका. खाल्लेल्या प्रत्येक शिळ्या घासाने आजार होतो असं नाही. पाणी पीत राहा आणि स्वतःकडे लक्ष ठेवा. स्टॅफिलोकॉकसचा त्रास अर्ध्या ते ८ तासांत सुरू होतो, भातातल्या विषाच्या उलट्या अर्ध्या ते ६ तासांत, रश्श्यातल्या परफ्रिंजन्सची पोटदुखी आणि जुलाब ६ ते २४ तासांत. साल्मोनेला या जंतूला ६ तासांपासून ६ दिवसही लागू शकतात, म्हणून दोषी नेहमी शेवटचंच जेवण नसतं.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर शरीरातलं पाणी राखणं हे पहिलं काम. जलसंजीवनीची पुडी सर्वांत चांगली. ती हाताशी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवा आणि घोट घोट घ्या. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

डॉक्टरांकडे लगेच जायची लक्षणं: शौचात रक्त, ३९ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी फार कमी होणं, उभं राहिल्यावर चक्कर, ३ दिवसांहून जास्त जुलाब. धूसर दिसणं, जीभ जड होणं, हातापायांतली ताकद जाणं असं काही जाणवलं तर थेट रुग्णालय गाठा. गरोदर बाई, तान्हं मूल आणि प्रश्न १९मधल्या इतर कुणाच्याही बाबतीत लक्षणं वाढायची वाट पाहू नका.

आणि त्या पार्सलमधलं काही उरलं असेल तर ते फेकू नका. पिशवीत घट्ट बांधून, वर "खाऊ नये" असं ठळक लिहून, फ्रीजच्या कोपऱ्यात वेगळं ठेवा. आणखी कुणी आजारी पडलं असेल तर तपासणीला तेच लागतं.